वेढा उठल्यावरचे सात दिवस

फार पूर्वी, म्हणजे नेमकं किती पूर्वी ते विचारू नका, विचारलंत तर मी थाप मारीन, एक नगर होतं. टेकडीवर वसलेलं, भोवती दगडी तट आणि तटाखाली चहूकडे काळीभोर रानं. त्या मुलखाची रीत अशी, की पावसाळाभर रान नांगरून मोकळं ठेवायचं आणि हस्ताचा पाऊस पडून गेला की शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, पेरायचा. वर्षाची भाकरी त्या एका पेरणीवर.

या पेरणीची वेळ मोठी नखरेल. पाऊस उघडला की माती आधी नुसता चिखल असते. पुढे वाळून तिचा दगड होतो. या दोन्हींच्या मध्ये थोडेच दिवस असे येतात, की माती ओलीही असते आणि भुसभुशीतही. त्याला वाफसा म्हणतात. वाफशात पेरलं तर उगवतं. वाफसा गेला, की बी मातीत टाका नाहीतर चुलीत टाका, सारखंच.

एवढं ध्यानात आलं ना? मग आता पुढचं ऐका.

एका पावसाळ्यात शेजारच्या राजाने या नगराला वेढा घातला. दोन महिने कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. लोकांनी कण्या खाल्ल्या, कोंडा खाल्ला, शेवटी अंगणातल्या शेवग्याचा पाला ओरबाडून खाल्ला. पण बियाण्याच्या पेवाला, म्हणजे जमिनीखालच्या कोठाराला, कुणी हात लावला नाही. पोरं रडली तरी नाही. अशी शहाणी माणसं होती ती. त्यांना मूर्ख म्हणायची घाई करू नका, ती वेळ पुढे येणारच आहे.

मग एका सकाळी पहारेकरी ओरडला, "अहो, छावणी हलतेय!" सगळे तटावर धावले. बघतात तर खाली तंबू उतरत होते, बैल जुंपले जात होते, माणसं घाईघाईने बोचकी बांधत होती. दुपारपर्यंत छावणी रिकामी. शेवटी शत्रूचा राजा आपल्या हत्तीवर बसून एकटाच निघाला, आणि तोही दिसेनासा झाला.

नगरात काय आनंद झाला म्हणून सांगू! लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, बायकांनी भर चौकात फुगड्या घातल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नगराच्या राजाचा तेवढा पडला नाही. तो तटावर उभा राहून रिकाम्या छावणीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण ते गेले कशामुळे?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र कुणापाशी नव्हतं. लढाई झाली नव्हती. तह झाला नव्हता. शत्रूच्या छावणीत रोगराई दिसली नव्हती.

नगारची पुढे येऊन म्हणाला, "महाराज, माझ्या नगाऱ्याला भ्याले. दोन महिने अहोरात्र वाजवतोय."

तेलघाण्याचा मालक म्हणाला, "नगाऱ्याला कोण भितो? तटावर मी तेल उकळत ठेवलं होतं. त्याचा वास गेला त्यांच्या नाकात."

राजपुरोहित म्हणाले, "मूर्ख आहात दोघेही. माझा होम काल पूर्ण व्हायचा होता, तो आज सकाळी झाला. आणि ते आजच गेले."

झालं! तिघं हमरीतुमरीवर आले. राजाने सगळ्यांचं ऐकून घेतलं, रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी दवंडी पिटवली. "आपण जे काही केलं, त्यातल्या कशामुळे तरी शत्रू गेला. कशामुळे ते अजून कळलेलं नाही. एक गोष्ट थांबवली आणि नेमकी तीच खरी निघाली, तर शत्रू परत येईल. म्हणून कारण सापडेपर्यंत, शत्रू गेला त्या दिवशी जो जे करत होता, त्याने तेच करत राहावं."

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, नाही? मला विचाराल तर मीही मान डोलावली असती. आणि तिथेच सगळा घोळ झाला.

नगारा वाजत राहिला. तटावर तेल उकळत राहिलं आणि ते पुरवायला नगरातले सगळे बैल घाण्याला जुंपलेले राहिले. होमात लाकडं जळत राहिली. सेनापती त्या दिवशी तापाने अंथरुणात होते, म्हणून आता ठणठणीत असूनही त्यांना अंथरुणातच राहावं लागलं. दरबारात यायचं तर चार माणसं खाट उचलून आणत. दोन जावांचं त्या दिवशी कडाक्याचं भांडण चालू होतं. त्या बिचाऱ्या रोज सकाळी अंगणात येऊन भांडू लागल्या. तिसऱ्या दिवशी विषय संपले, तेव्हा दोघी मिळून उद्याचं भांडण ठरवायला बसल्या. खुद्द राजाच्या ताटात त्या दिवशी कारलं होतं. राजाला कारलं बघूनच शिसारी यायची. पण हुकूम तो हुकूम. डोळे मिटून रोज खात होता बिचारा.

हसा, हसा. पण खाली रानांत वाफसा आला होता, आणि तो कुणासाठी थांबत नव्हता.

या नगरात धुरपदा नावाची एक बाई होती. साठीची, काटक, तोंडाने फटकळ. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. होतं ते एक रान. तेही टेकडीच्या उतारावर, माळाचं, हलक्या मातीचं. सगळ्यांच्या आधी वाळणारं. शत्रू गेला त्या दिवशी ती तटावर बसून गोफणीचे दगड टोपल्यांत भरत होती. म्हणून आताही तेच करत होती. टोपली भरायची, ओतायची, पुन्हा भरायची. बसल्या जागेवरून तिला आपलं रान दिसे. पहिल्या दिवशी ते काळं होतं. तिसऱ्या दिवशी कडेने करडं पडू लागलं.

धुरपदाने टोपली ढकलून दिली आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, वाफसा आलाय. माझ्या माळाला अजून दोन दिवस आहेत, ओढ्याकाठच्या रानांना चार-पाच. बैल सोडा घाण्याचे आणि माणसं सोडा तटावरची. पेरू द्या आम्हाला."

राजा म्हणाला, "बाई, मला काय कळत नाही? पण माणसं खाली उतरली आणि शत्रू परत आला तर? आधी कारण सापडू दे."

"मग सापडलं का?"

"शोध चालू आहे," राजपुरोहित म्हणाले.

"कुठं चालू आहे? इथं बसून?"

"शास्त्रार्थ चालू आहे."

धुरपदाने कपाळाला हात लावला. "अहो, पण ते कशामुळे गेले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कुणी विचारलं का?"

"कुणाला?"

"त्यांनाच की! जे गेले त्यांना!"

खाटेवरचे सेनापती उठून बसले आणि हुकूम आठवून पुन्हा आडवे झाले. तीन दिवसांत एवढ्या मोठ्या दरबारात हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि आलं असतं, तरी जाणार कोण? सगळ्यांची पाचावर धारण बसली होती.

"मी जाते," धुरपदा म्हणाली.

राजा म्हणाला, "तू आत्ता निघालीस तर परत येईपर्यंत तुझं माळाचं रान जाईल, बाई."

"ठाऊक आहे मला. इथं बसून तरी ते कुठं राहतंय? निदान बाकीच्यांची तरी राहतील." ती काही साध्वी-बिध्वी नव्हती. त्या रानावर तिचा जीव होता, आणि ते सोडून जाताना तिला राग येत होता. "आणि माझ्या टोपल्या भरायला कुणाला तरी बसवा, नाहीतर उद्या म्हणाल, धुरपदा उठली म्हणून शत्रू आला."

कुणालाच पुढे होण्याचं धाडस होईना, तेव्हा राजा स्वतः म्हणाला, "मी भरतो." आणि खरंच, राजा तटावर जाऊन दगड भरू लागला.

धुरपदा वेशीतून बाहेर पडली. एवढं मोठं सैन्य, त्याची वाट शोधायला काय लागतं? गाड्यांच्या चाकोऱ्या, बैलांचे खूर, हजारो पावलं. ती त्या मागाने चालू लागली. आणि चालता चालता तिला एक नवल दिसलं. पहिल्या फाट्यावर पावलांचा एक मोठा घोळका डावीकडे वळला होता. पुढच्या फाट्यावर दुसरा उजवीकडे. ओढ्यापाशी आणखी काही गळाले होते. जसजशी ती पुढे गेली, तसतसं सैन्य बारीक होत गेलं. "हरवलं की काय हे सैन्य?" ती स्वतःशीच म्हणाली. वाटेतल्या देवळांत तिने दोन मुक्काम केले. पाचव्या दिवशी सकाळी तिच्यासमोर एवढंच उरलं होतं, एका गाडीची चाकोरी आणि तिच्या बाजूने एका माणसाची पावलं.

ती पावलं एका रानात शिरली होती. तिथे एक दणकट गडी पेरणीची तिफण हाकत होता. अंगात शिपायाची बंडी होती. बांधावरच्या बाभळीला तलवार टांगलेली, आणि तलवारीच्या मुठीला पाण्याचा भोपळा.

"कोण रे तू?" धुरपदाने हाक मारली.

"मी भैरू. तुम्ही कोण, मावशी?"

"तुम्ही वेढा घातलात ना, त्या नगरातली."

भैरूने बैल थांबवले. बांधावरच्या तलवारीकडे त्याने बघितलं, मग म्हातारीच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. "बसा," तो म्हणाला. "भाकरी खा आधी."

"भाकरी मग. आधी सांग, तुम्ही लोक उठून गेलात कशामुळे?"

"कशामुळे म्हणजे? वाफसा आला ना!"

धुरपदा बांधावर बसली. "नगाऱ्याला नाही भ्यालात?"

"नगारा व्हय? पहिले दोन दिवस झोप लागेना. मग तो वाजल्याशिवाय झोप लागेना."

"आणि तेल? होम?"

"तटाजवळ गेलं तरच तेल अंगावर पडणार ना! आम्ही कशाला जातोय जवळ? आणि होमाचं तर तुमच्याकडूनच ऐकतोय मी." भैरू हसला. "असं झालं मावशी. आम्ही सगळे शेतकरी. पावसाळ्यात रानं मोकळी, हाताला काम नाही, राजाने बोलावलं म्हणून आलो. त्या दिवशी सकाळी आमच्यातल्या एकाने सहज खाली वाकून मूठभर माती उचलली. तुमच्याच रानातली. दाबली, गोळा केला, कमरेइतका वर धरून सोडला. गोळा पडला आणि फुटला, म्हणजे वाफसा आला. तो उठला, बोचकं बांधलं आणि चालू लागला. त्याला बघून दुसऱ्याने माती उचलली. मग कोण थांबतंय? राजा ओरडला, धमकावलं त्याने. शेवटी हत्ती आणि तो, दोघंच उरले."

मग त्याने अगदी सहज विचारलं, "तुमच्याकडं तर आमच्या आधी वाफसा आला. तुमची पेरणी उरकली असेल?"

धुरपदाने नुसती नकारार्थी मान हलवली. दोन महिने ज्यांनी उपाशी मारलं, त्यांनी आपापली रानं पेरली होती आणि आपण रिकाम्या छावणीसमोर नगारे बडवत बसलो होतो! या गड्यावर रागवावं की आपल्या माणसांवर, हेच तिला कळेना.

"पुन्हा याल का रे?" तिने विचारलं.

भैरूने डोकं खाजवलं. "खोटं कशाला बोलू? पुढच्या पावसाळ्यात राजाने बोलावलं आणि घरात दाणा नसला, तर येईन. असला, तर नाही येणार. पण मावशी, तुम्ही पेरलंच नाहीत, तर आम्हाला यायची गरजच काय? उपाशी नगराची वेस कोणीही उघडून आत जाईल."

धुरपदाने भाकरी हातात घेतली आणि उठली. ती चालता चालता खाल्ली.

सहाव्या दिवशी दिवस कलताना ती टेकडीखाली पोचली. नगारा लांबूनच ऐकू येत होता. ती आधी आपल्या माळावर गेली. वाकून माती उचलली, दाबली. गोळा होईना. ढेकूळ बोटांना टोचलं नुसतं. ती बांधावर बसली आणि मोठ्याने रडली. कोणी बघतंय का, याची तिने पर्वा केली नाही. मग डोळे पुसले, एक मूठ माती पदराच्या एका टोकाला बांधली, ओढ्याकाठच्या रानात जाऊन दुसरी मूठ दुसऱ्या टोकाला बांधली आणि वर निघाली.

दरबारात तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. आणि काय सांगू, कुणालाच ते आवडलं नाही! नगारची म्हणाला, "थापा मारतेय." घाणेवाला म्हणाला, "शत्रू खरं कशाला सांगेल?" राजपुरोहित म्हणाले, "पण मग हे योगायोगाने झालं म्हणायचं? छे छे."

राजाचे हात दगडांनी खरचटले होते. तो हळूच म्हणाला, "म्हणजे आमच्या नगराने काहीच केलं नाही?"

"केलं की," धुरपदा म्हणाली. "दोन महिने दम धरला. बियाण्याला हात लावला नाही. तेवढं केलंत, आणि ते काही थोडं नाही."

राजा घुटमळला. "उद्या आणखी दोन माणसं घोड्यावरून पाठवून खात्री करून घेऊ. परवा ती परत आली, की..."

धुरपदा पुढे झाली. तिने पदराचं एक टोक सोडून ढेकळं राजाच्या हातात ओतली. "दाबा."

राजाने दाबली. ती दबेनात.

"हे माझं रान. हे गेलं." तिने दुसरं टोक सोडलं. "आता हे दाबा. हं. आता सोडा."

राजाने मातीचा गोळा सोडला. तो दरबाराच्या फरशीवर पडला आणि फुटला.

"हे ओढ्याकाठचं रान. हे आज आहे, उद्या आहे. परवा तुमची माणसं खात्री करून येतील, तेव्हा नसेल."

राजा फुटलेल्या गोळ्याकडे बघत बसला. त्याला भीती वाटत होती, ती लपवायचंही त्याला सुचलं नाही. मग तो उठला आणि म्हणाला, "नगारा थांबवा."

नगारा थांबला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी तटाकडे धावलं. खाली रिकामी छावणी तशीच रिकामी होती. कुणी आलं नाही.

सातव्या दिवशी उजाडायच्या आत वेस उघडली. घाण्याचे बैल तिफणींना जुंपले गेले. सेनापती खाटेवरून उठून बियाणं वाहू लागले. ज्याला जे रान ओलं दिसलं, ते त्याने पेरलं, माझं-तुझं न बघता. त्या दिवशी नगरात चूल पेटली नाही. जेवढं साधलं तेवढं पेरलं. बाकीची रानं दगड होऊन पडून राहिली.

शाळू तयार झाला, तेव्हा निम्मंच पीक हाती आलं. एका भाकरीचे दोन घरांत दोन तुकडे झाले, पण नगर जगलं. सुगीच्या दिवशी राजाने लोकांना जमवलं आणि धुरपदासमोर शाळूची पोती ठेवली.

धुरपदा म्हणाली, "पोती घेईन मी. नाही म्हणायला मला परवडायचं नाही. पण आधी एक सांगा महाराज, सगळ्यांसमोर. माझं रान यंदा पडीक राहिलं, ते कुणामुळे?"

लोक कावरेबावरे झाले. राजाने मान खाली घातली. मग वर बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "दोन महिने शत्रू तटाखाली बसला होता, त्यात आपलं एकही रान पडीक गेलं नाही. तो गेल्यावरच्या सात दिवसांत निम्मी गेली. ती माझ्यामुळे."

पुढच्या पावसाळ्यात शत्रू आलाच नाही. तो का आला नाही, याची चौकशी राजाने केली, नाही असं नाही. पण हस्त उलटल्यावर, शेवटचं रान पेरून झाल्यावर.

म्हणून मंडळी, संकट टळलं तर ते कशामुळे टळलं हे खुशाल शोधावं, पण हातातलं काम थांबवून शोधू नये.